सहलीची नाव आणि गरजेची नाव

सोलापुरात तलावांच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की त्यामागोमाग नौकाविहाराची कल्पना येतेच. चित्र मोहक आहे यात शंका नाही. सिद्धेश्वर तलावाच्या संथ पाण्यावरून नाव सरकते आहे, समोर पाण्याने वेढलेले मंदिर आहे, एका अंगास भुईकोट किल्ल्याचे बुरूज उभे आहेत. श्रमिकांनी हे सुख उपभोगू नये, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. यंत्रमागापाशी दिवसभर उभा राहणारा पूर्व भागातील विणकर आणि विड्या वळून बोटे झिजविणारी स्त्री यांचाच पाण्यावरच्या वाऱ्यावर पहिला हक्क आहे. हा तलावही कोणा सरदाराने विलासासाठी बांधलेला नव्हे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या प्रेरणेने भक्तांनी अंगमेहनतीने तो खोदला, असे परंपरा सांगते. तेव्हा भांडण नौकेशी नाही. नौकेतून काय दाखविले जाते आणि काय झाकले जाते, याच्याशी आहे.

नौकेतून मंदिर दिसते, किल्ला दिसतो. कोरडा नळ दिसत नाही. २०१६ साली 'स्मार्ट सिटी'साठी निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव झळकले. त्याच सोलापुराला वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाणी घेण्याची सवय लावण्यात आली. ज्या शहरात गृहिणी नळाच्या वेळेवर आपला आठवडा आखते, तेथे पाणी हे प्रेक्षणीय स्थळ म्हणून सादर करणे ही थट्टा नव्हे काय?

आणि हे पाणी येते कोठून? शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तोडून उजनीहून. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठवण ११७ टीएमसी. त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृत साठा. आकडे मोठे आहेत, पण त्या पाण्याखाली करमाळा-इंदापूर पट्ट्यातील गावे, शेते, देवळे आणि रोजच्या वहिवाटीचे रस्ते गेले, हे आकड्यांत मावत नाही. धरणाने कोणाची जमीन गेली याची नोंद निदान सरकारी कागदावर होते. कोणाचा शेजार गेला, बाजार गेला, सोयरिकीची वाट गेली, याची नोंद कोणी ठेवली? जे गाव डोळ्यांसमोर दिसते त्या गावी जायला रस्त्याने मोठा वळसा घालावा लागतो. म्हणून माणसे नावेत बसतात. त्यांना प्रेक्षणीय स्थळे पाहायची नसतात. पैलतीरी पोचायचे असते.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली अशीच एक नाव वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत दोन चिमुकली बालके होती. धरणाचा साठा त्या उन्हाळ्यात उणे पातळीत होता. शहराची तहान आणि उसाची हाव भागविताना आटलेले पाणीदेखील माणसे गिळण्याइतके खोल उरले होते.

आता त्याच उजनीवर जलपर्यटनाचे आराखडे तयार होत आहेत. धक्के होतील, बोटी येतील, रोहित पक्षी पाहायला पाहुणे येतील, स्थानिक तरुणांना रोजगार मिळेल, असे सांगितले जाते. मिळाला तर आनंदच आहे. परंतु जो धक्का पर्यटकासाठी बांधता येतो तो प्रवाशासाठी इतकी वर्षे का बांधता आला नाही, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. उत्तर उघड आहे: पर्यटक तिकिटाचे पैसे मोजतो, धरणग्रस्ताने मोजून झाले आहेत.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नील कमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. पंधरा जणांचे प्राण गेले. त्यानंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत गेटवेवर प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जाकीट सक्तीचे झाल्याच्या बातम्या आल्या. योग्यच झाले. म्हणजे शासनाला मनात आणले तर सुरक्षितता दोन दिवसांत आणता येते. फक्त दुर्घटना राजधानीत आणि कॅमेऱ्यांसमोर घडावी लागते. (परदेशी पाहुण्यांसमोर घडली तर आणखी बरे.) खेड्यातल्या नावेसाठी मात्र बंदीचा हुकूम हेच शासनाचे आवडते औषध असते. नाव बंद केल्याने नदीची रुंदी कमी होत नाही.

'तोट्याची सेवा कोण चालविणार?' असा प्रश्न विचारला जाईल. एस.टी. आडगावच्या मुक्कामाला जाते ती नफ्यासाठी जाते काय? कोयनेच्या शिवसागरात तापोळा-बामणोलीच्या बाजूला सातारा जिल्हा परिषदेने लाँच व तराफे चालविलेच ना? सोलापूर आणि पुणे या दोन जिल्हा परिषदांना मिळून उजनीवर तेच करता येणार नाही, असे कोणता अभियंता सांगतो? पूल मागणे चालूच राहील. पण पूल उभा राहीपर्यंत वारा पाहून फेरी थांबविणारा जबाबदार माणूस, प्रत्येकाला जाकीट आणि तपासलेली बोट एवढे तरी दोन्ही काठांना हवे.

सोलापुरातील कार्यकर्त्यांनी नौकाविहाराच्या योजनेवर सूचना देताना ही मागणी तीत पहिल्या कलमात घालावी. उजनीचे पाणी वापरणाऱ्या शहराच्या पैशातून येणारी पहिली बोट सिद्धेश्वर तलावात नव्हे, कुगावच्या काठाला लागली पाहिजे.