३८१ दिवसांची पायपीट

१ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या ४२ वर्षांच्या कृष्णवर्णीय महिलेने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील आपली जागा सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली. १० डॉलर दंड आणि ४ डॉलर न्यायालयीन खर्च त्यांच्या माथी मारण्यात आला. दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक बाई उठली नाही आणि इतिहास घडला, असे या घटनेचे वर्णन नेहमी केले जाते. ते ऐकायला गोड असले तरी खरे नाही. पार्क्सबाई कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. शरीराच्या थकव्यामुळे आपण बसून राहिलो नव्हतो, हे पुढे त्यांनीच स्पष्ट केले.

त्या बसगाड्यांतील पुढची दहा आसने गोऱ्यांसाठी राखीव असत. ती रिकामी असली तरी कृष्णवर्णीयाने उभेच राहायचे. पुढच्या दाराने पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे. तेवढ्यात चालकाने गाडी हाकली तर पैसेही गेले आणि प्रवासही! आणि अशा गाड्यांतील सुमारे तीन चतुर्थांश उतारू कृष्णवर्णीयच होते. ज्यांच्या पैशावर कंपनी चालत होती त्यांनाच ती अपमान विकत होती.

अटकेच्या रात्रीच जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने हजारो पत्रके छापून काढली. ५ डिसेंबरचा एका दिवसाचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. मार्टिन ल्यूथर किंग या अवघ्या २६ वर्षांच्या धर्मोपदेशकाकडे नेतृत्व आले. मोलकरणी, स्वयंपाकिणी, मजूर मैलोन्‌मैल चालत कामावर गेले. ज्यांच्याजवळ मोटारी होत्या त्यांनी इतरांना नेण्याआणण्याची शिस्तबद्ध व्यवस्था उभारली. फेब्रुवारी १९५६ मध्ये १९२१ चा एक जुना कायदा उकरून काढून ८९ जणांवर खटले भरण्यात आले. त्याआधी ३० जानेवारीला किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि तान्ही मुलगी सुदैवाने बचावली. संतप्त जमाव हत्यारे घेऊन जमला असता किंग यांनी त्याला शांतपणे घरी पाठविले. गांधीजींच्या बलिदानाचीच ती तिथी होती!

अखेर १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल कायम केला. हा निकाल पार्क्स यांच्या खटल्यात नव्हे, तर अन्य चार महिलांच्या दाव्यात लागला. त्यांतील क्लॉडेट कॉल्व्हिन हिला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी, जागा न सोडल्याबद्दलच अटक झाली होती. ती फार लहान आहे, गरीब वस्तीतली आहे, म्हणून नेत्यांनी तिला चळवळीचा चेहरा केले नाही. नेत्यांची अडचण समजू शकते. परंतु इतिहासाने तिला विसरण्याचे कारण नाही.

हे स्मरण आपल्याला कशासाठी हवे? आपल्याकडे आंदोलन म्हटले की पहिला दगड बसगाडीवर पडतो. बंद पुकारणारा घरी सुखरूप असतो. हाल होतात ते रोजंदारीवर जाणाऱ्याचे आणि दवाखान्याच्या वाटेवरील रुग्णाचे. माँटगोमेरीच्या लोकांनी आपल्या चळवळीचे मोल स्वतःच्या पायांनी चुकते केले. दुसऱ्याला वेठीस धरणे आणि स्वतः कष्ट सोसणे यांतला फरक सत्याग्रहाच्या देशाला परक्यांनी समजावून सांगावा, ही नामुष्की आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. परदेशातील वर्णद्वेषाचा धिक्कार करताना आपल्या वाणीला धार चढते. पण सार्वजनिक तळ्यातील ओंजळभर पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांना महाडला सत्याग्रह करावा लागला, तो २० मार्च १९२७ रोजी, आपल्याच कोकणात. अस्पृश्यता राज्यघटनेने रद्द केली. मनांतून ती गेली काय, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आत शोधावे. रोझा पार्क्स यांना वंदन करणे सोपे आहे. आपल्या शेजारी बसणाऱ्याला न विचारता जागा देणे, हीच त्या वंदनाची खरी कसोटी होय.