‘आजार नव्हे’ म्हणणारांस

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका मंडळांत स्त्रियांच्या आरोग्यावर एक व्याख्यान झालें. व्याख्याते वयानें आमच्याच बरोबरीचे, पदवीधर आणि स्वभावानें मोठे प्रसन्न गृहस्थ. त्यांचें नांव आम्ही येथें देत नाहीं. कारण आमचें भांडण त्यांच्याशीं नसून त्यांच्या एका वाक्याशीं आहे, आणि तें वाक्य त्यांचें एकट्याचें नव्हे. “गर्भारपण म्हणजे आजार नव्हे,” असें ते म्हणाले आणि सभागृहांत टाळ्या झाल्या. पुढें त्यांनीं आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजी म्हणे सकाळीं भाताची लावणी करीत होती, दुपारीं बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशीं विहिरीवर पाण्याला गेली! आजच्या मुली मात्र सातवा महिना लागला कीं पाठ धरून बसतात, रजा मागतात, गाडींत दुसऱ्याची जागा मागतात. पुन्हां टाळ्या. या टाळ्यांत स्त्रियांच्याहि टाळ्या होत्या, हें आम्हांस प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

वाक्य खोटें नाहीं; हीच तर अडचण. प्रसूतिवैद्य हें वाक्य नेहमीं उच्चारतात, आणि ज्या स्त्रीला उद्देशून तें असतें तिच्या हिताचेंच असतें: भिऊं नकोस, चालत राहा, हलकें काम कर, ग्रहणांत सुरी हातीं धरलीस म्हणून मुलाचा ओठ फाटत नाहीं. परंतु तेंच वाक्य व्यासपीठावरून, कचेरींतून किंवा गाडीच्या दारांतून आलें म्हणजे त्याचा अर्थ अगदीं निराळा होतो. तेथें त्याचा अर्थ इतकाच कीं, तुला कांहीं होत नाहीं, तेव्हां आमच्याकडे कांहीं मागूं नकोस.

व्याख्यात्यांच्या आजीविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. मात्र त्या वांचल्या म्हणून त्यांची गोष्ट सांगावयास नातू उभा राहिला, हें त्यांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. आमच्या आजोबांचीं तीन लग्नें झालीं. पहिल्या दोघी बाळंतपणांत गेल्या. देव्हाऱ्यांत त्यांचे चांदीचे दोन लहान टाक होते आणि आमची आजी रोज त्यांना गंधफूल वाहात असे. त्या दोघींनीं लावणी किती केली, पाणी किती ओढलें, हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. त्यांचीं नांवेंहि आम्हांस ठाऊक नाहींत. सासरचीं नाहींत आणि माहेरचींहि नाहींत.

याच परिसरांतलें दुसरें उदाहरण जगाला ठाऊक आहे. कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना, म्हणजे पुढें डॉ. आनंदीबाई, चौदाव्या वर्षीं आई झाल्या आणि तें मूल दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्यांनीं वैद्यक शिकण्याचा ध्यास घेतला. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, तेव्हां त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. कल्याण दिव्यापासून चौथें स्थानक आहे. आजीच्या काळाचे गोडवे गाणारांनीं तेथवर एकदां जाऊन यावें. सरकारी नमुना-नोंदणीच्या २०१८ ते २०२० या काळाच्या आंकड्यांप्रमाणें एक लाख जिवंत जन्मांमागें देशांत ९७ आणि महाराष्ट्रांत ३३ माता दगावल्या. हा आंकडा इतका खालीं आला तो लावणीच्या व्यायामानें आलेला नाहीं. तपासणी, रक्तपेढी, निर्जंतुक हात आणि वेळेवर मिळालेलें रुग्णालय यांनीं तो खालीं आणला, आणि या सर्व गोष्टी कोणी तरी मागितल्या म्हणूनच मिळाल्या.

आतां दिव्याकडे वळूं. आमची एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन तेथें राहते. ठाणें व कल्याण यांच्या मधल्या या गांवीं वसईकडे आणि पनवेलकडे जाणारे रूळ मुख्य मार्गाला मिळतात, म्हणून तें जंक्शन. आणि मुंबईंत घर परवडत नाहीं अशांना येथें परवडतें, म्हणून तें आतां शहर. सकाळीं मुंबईकडे जाणारी लोकल दिव्यास येते ती कल्याण-डोंबिवलीकडून भरूनच येते. २०१६ च्या डिसेंबरांत जलद गाड्या येथें थांबूं लागल्या. पण गाडी थांबली म्हणजे तींत पाऊल ठेवण्यास जागा झाली असें नव्हे. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारीं माणसें गाडींतून खालीं पडलीं आणि त्यांतील कांहीं प्राणास मुकलीं, हें सर्वांनीं वाचलें आहे. बसावयास मिळावें म्हणून दिव्याच्या कित्येक बायका आधीं उलट दिशेनें डोंबिवलीस किंवा कल्याणास जातात आणि तेथून बसून परत दिव्यावरूनच मुंबईस जातात. एवढ्यानें त्यांचा दिवस सुरू होतो.

आमच्या विद्यार्थिनीस तेव्हां आठवा महिना होता. या महिन्यांत शरीरांत काय घडतें याचें वर्णन आमच्यासारख्या पुरुषानें करूं नये असा संकेत आहे. पण हा संकेतच पुष्कळ अनर्थाचें मूळ असल्यामुळें आम्ही तो मोडतों. वाढलेलें गर्भाशय वर श्वासपटलाला रेटतें, म्हणून स्थानकाचा जिना चढतांना दम लागतो. जठरावर दाब येऊन आंबट पाणी घशाशीं येतें. खालीं मूत्राशय दाबलें जातें, म्हणून तासातासाला उठावें लागतें. पायांतलें रक्त वर चढण्यास अडथळा होतो, म्हणून संध्याकाळपर्यंत पाय चपलेंत मावेनासे होतात. उताणें निजलें तर मोठी रक्तवाहिनी दबून घेरी येते. कुशीवर, शक्यतों डाव्या कुशीवर, निजावें असें डॉक्टर सांगतात, आणि त्या कुशीवरहि झोप धड लागत नाहीं. यांतील एकहि गोष्ट आजार नव्हे, हें आम्ही पुन्हां मान्य करतों. परंतु डोकें सारखें दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, तोंडाला व हातांना एकाएकीं सूज आली किंवा पोटांतली हालचाल मंदावली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें लागतें. आणि रोजची सूज कोणती व ही सूज कोणती, हें गर्दींत उभ्या असलेल्या बाईनें ओळखावें तरी कसें?

घरून निघण्यापूर्वीं दोन तास ती पाणी पीत नसे. वाटेंत लघुशंकेस स्वच्छ जागा मिळेल याची खात्री नाहीं, हें कारण. पाणी तोडल्यानें मूत्रमार्गाचा दाह होण्यास मदत होते आणि गर्भारपणीं तो वाढला तर अकालीं प्रसूतीचें भय असतें, हें तिला ठाऊक होतें. पदवीधर मुलगी, सर्व ठाऊक होतें.

एके दिवशीं ती अपंगांसाठीं राखलेल्या डब्यांत चढली. तेथें गर्भवतींना बसण्याची मुभा आहे. एका गृहस्थानें तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलें आणि म्हटलें, “बाई, गर्भारपण म्हणजे कांहीं आजार नव्हे. तुमचा डबा पुढें आहे.” दुसऱ्या दिवशीं ती बायकांच्या डब्यांत गेली. तेथें बाकांवर तिघींच्या जागीं चौघी, आणि प्रत्येक जागा “कोठें उतरणार?” या प्रश्नानें आधींच कोणाला तरी बोललेली. एका बाईनें उठून जागा दिली, हें सांगितलेंच पाहिजे, पण शेजारची म्हणाली, “अशा अवस्थेंत बाहेर पडावेंच कशाला? रजा घेऊन घरीं पडून राहावें.” म्हणजे एका डब्यास ती पुरेशी आजारी नाहीं आणि दुसऱ्या डब्यास पुरेशी धडधाकट नाहीं! आमच्या व्याख्यात्यांनीं तिनें नेमकें कोठें उभें राहावें तें सांगावें.

रजेविषयीं तर अज्ञान फार आहे. मुंबई इलाख्याचा प्रसूति-साहाय्याचा कायदा १९२९ चा. त्याचें विधेयक १९२८ सालीं कायदेमंडळांत आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याचा कैवार घेतांना सांगितलें होतें कीं, प्रसूतीच्या आधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. त्या खर्चाचा बराच भार सरकारनें उचलला पाहिजे, पण मालकहि त्यांतून सुटत नाहीं. स्वतंत्र भारताचा कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेंहि तें मान धरलें. ऐकणारास हें भरघोस वाटतें. पण या २६ पैकीं प्रसूतीपूर्वीं फार तर आठ आठवडे घेतां येतात, आणि आधीं घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या आठवड्यांतून वजा होतो. आई आपल्या पाठीला जी विश्रांति देते ती मुलाच्या दुधाच्या दिवसांतून कापून देते. अशा वेळीं कोणती आई काय करील हें सांगावयास नको. म्हणूनच नववा महिना लागलेल्या बायका लोकलमध्यें दिसतात. आणि आमचे व्याख्याते त्यांना नाजूक म्हणतात!

१९६१ च्या कायद्यांत आणखी एक मौजेचें कलम होतें. प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापूर्वींच्या सहा आठवड्यांच्याहि आधीचा जो एक महिना, त्यांत स्त्रीनें मागणी केल्यास तिला फार वेळ उभें राहण्याचें काम देऊं नये. कचेरींत तिला खुर्ची मिळेल. कचेरीपर्यंत ती दीड तास उभी राहून आली, त्याला कायदा काय करणार? आणि हें सर्व दहा किंवा अधिक माणसें कामास असतील अशाच ठिकाणीं. दिव्याहून घरकामास, पोळ्या करावयास जाणाऱ्या बाईची रजा म्हणजे बदली बाई ठेवली जाणें. इतकी रजा दिली तर मालक बायकांना कामावरच घेणार नाहींत, असा एक आक्षेप नेहमीं येतो. तो पोकळ नाहीं. आणि म्हणूनच हा खर्च एकट्या मालकाच्या गळ्यांत न बांधतां सार्वजनिक निधींतून व्हावा, हें शंभर वर्षांपूर्वीं मांडलेलें मत आजहि विचारांत घेण्यासारखें आहे.

या मुलीचें डोहाळजेवण मोठ्या हौसेनें झालें. फुलांची वाडी, झोपाळा, ओटी, आणि शेवटीं झांकलेल्या दोन वाट्या पुढें ठेवून तिला विचारलें गेलें: पेढा कीं बर्फी? नऊ महिन्यांत तिला कोणी निवड करावयास सांगितली ती एवढीच. नांव कळव्याच्या महापालिकेच्या रुग्णालयांत घालावें कीं खासगी प्रसूतिगृहांत, पहिलें बाळंतपण म्हणून माहेरीं कणकवलीस जावें कीं येथेंच राहावें, हें ठरविणारे सासरे, दीर, नणंदेचे यजमान आणि एक शेजारी. एका प्रसूतिगृहानें तर शस्त्रक्रियेसाठीं ‘चांगला दिवस’ पाहून ठेवण्यास सुचविलें. शस्त्रक्रियेविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. तिनें असंख्य माता वांचविल्या आहेत. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सरकारी संस्थांतील १०० प्रसूतींपैकीं सुमारें १४ आणि खासगी संस्थांतील सुमारें ४७ शस्त्रक्रियेनें झाल्याचें आढळलें, तेव्हां खासगी जिन्यानें वर गेलेल्या बाईची कटि एकाएकीं अरुंद होते काय, असा प्रश्न पडतो. वैद्यकीय कारण नसतां ३९ आठवडे पुरे होण्यापूर्वीं मूल काढूं नये, असें शास्त्र सांगतें. पंचांगास तें ठाऊक नसावें.

डोहाळे पुरविण्याचा आम्हांस मोठा अभिमान. पण भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक आठवावा. आसन्नप्रसवा सीतेला वन पाहण्याचे डोहाळे झाले. ते पुरविण्यासाठीं रथ जोडला गेला, आणि त्याच रथांतून तिला वनांत सोडून दिलें. तिला त्यांत काय वाटेल, हें रथ निघण्यापूर्वीं कोणी विचारलें नाहीं. जुन्याचा पुरस्कार करणारांनीं हेंहि लक्षांत ठेवावें कीं, आमच्या जुन्या वैद्यकग्रंथांनीं गर्भिणीस हिसके देणारें वाहन वर्ज्य सांगितलें आहे. सकाळची लोकल त्यांनीं पाहिली नव्हती, तरी सांगितलें आहे.

आमच्या विद्यार्थिनीनें अखेर स्वतःच ठरविलें. नांव घातलें होतें तेथेंच राहावयाचें, तपासणीचे कागद एकाच ठिकाणीं ठेवावयाचे, छत्तिसाव्या आठवड्यापासून रजा घ्यावयाची. आणि कणकवलीस आपण न जातां आईलाच बोलवावयाचें. घरांत चार दिवस अबोला झाला. सावंतवाडीहून दिव्यास येणारी गाडी अशा कामीं फार सोयीची. आई डिंकाचे लाडू, अळीव आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचें गांठोडें घेऊन त्या गाडीनें उतरली. आम्ही त्यांच्या घरीं गेलों असतां व्याख्यानाची हकीकत सहज सांगितली. त्या बाईंनीं वाती वळतां वळतां ती ऐकून घेतली आणि विचारलें, “त्यांच्या आजीला मुलें किती झालीं?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

व्याख्यान पुस्तकरूपानें छापण्याचें घाटत आहे असें ऐकतों. अवश्य छापावें. मात्र आजींच्या गोष्टींत त्यांना एकूण अपत्यें किती झालीं आणि त्यांतील वांचलीं किती, हे दोन आंकडे व्याख्यात्यांनीं घरांतल्या जुन्या माणसांस विचारून घालावे, एवढी आमची त्यांस विनंती आहे.