बोटावरचं साळिंदर

घानातले असांते सरदार दरबाराला येतात तेव्हा त्यांच्या बोटांवर सोन्याची जनावरं बसलेली असतात, आणि प्रत्येक जनावर काहीतरी बोलतं. साळिंदर बजावतं, हजार मारलेत तरी हजार उठतील. असांते योद्ध्यांचं ते निशाण, आज असांतेंची राजधानी कुमासीच्या फुटबॉल संघाचंही. एकच पोट असलेल्या दोन मगरी घासासाठी भांडताना दिसल्या, की ती भाऊबंदकीला मारलेली कोपरखळी समजावी. घडवण्याची रीत जुनी: आधी मेणाचं जनावर, त्यावर मातीचं लिंपण, भट्टीत मेण वितळून गेलं की पोकळीत सोन्याचा रस. बस्तरचे ढोकरा कारागीर पितळेसाठी हेच करतात. १८७४ मध्ये ब्रिटिश फौजेनं कुमासीचा राजवाडा लुटला आणि असं घडवलेलं बरंच सोनं लंडनला गेलं. २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं ३२ वस्तू कुमासीला पाठवल्या, पण तीन वर्षांच्या उसनवारीवर. लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमनं मात्र त्याच वर्षी ७ वस्तू कायमच्या परत केल्या. त्यांत हत्तीच्या शेपटीची एक चवरीही होती.