ट्रिप नको, मुक्काम करा!

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज पडायला लागतात. पहिला म्हणजे कुणीतरी टाकलेलं फ्रान्सच्या खेड्यातलं रील. जांभळ्या लव्हेंडरची शेतं, जुनं दगडी घर, झाडाखाली लांबलचक टेबल, त्याभोवती आठ-दहा मित्रमैत्रिणी आणि दुपारी सुरू झालेलं जेवण संध्याकाळ झाली तरी चाललेलंच. खाली कमेंट, ‘यार, लाइफमध्ये एकदा तरी!’ दुसरा मेसेज आपल्या खऱ्या ट्रिपचा. पहाटे चारला दादरहून टेम्पो ट्रॅव्हलर, आधी रायगड, मग हरिहरेश्वर, दिवेआगर, जमलं तर मुरुड-जंजिरा आणि रविवारी रात्री बारापर्यंत घरी. म्हणजे दोन दिवसांत चार ठिकाणं, आणि जागेपणीचा निम्मा वेळ गाडीत.

स्वप्न निवांतपणाचं बघायचं आणि प्लॅन मात्र धावपळीचा करायचा, हे गणित मला कळत नाही. त्या रीलमध्ये आपल्याला जे आवडतं ते लव्हेंडर नसतं. कुठेही जायची घाई नसताना मित्रांबरोबर एका जागी बसून राहणं, ते आवडतं. त्याला व्हिसा लागत नाही. दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर पकडून वीरला उतरलं तरी ते मिळतं, आणि तिकीट शंभराच्या आत. पण तो निवांतपणा कुणाच्या तरी मेहनतीवर उभा असतो, आणि त्याचा हिशोब आपण करत नाही. माझा मुद्दा तोच आहे.

आधी फ्रान्सचंच बघू. फ्रेंच माणसं जन्मजात निवांत असतात अशी आपली समजूत आहे. तसं काही नाही. १९३६च्या मे-जूनमध्ये तिथल्या कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केला, आणि लेओं ब्लूम यांच्या सरकारला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजेचा कायदा करावा लागला. त्याच उन्हाळ्यात सुट्टीवर जाणाऱ्या कामगारांसाठी रेल्वे तिकिटात ४० टक्के सवलत आली. लाखो माणसं गाड्यांत बसून समुद्रावर आणि खेड्यांत गेली, त्यातली कित्येक पहिल्यांदाच. पुढे ही रजा वाढत वाढत १९८२मध्ये पाच आठवड्यांवर पोचली.

दुसरी गोष्ट घरांची. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या खेड्यांतली माणसं शहराकडे निघाली आणि मागे घरं रिकामी पडली. १९५१मध्ये आल्प्सच्या भागात अशा एका शेतघराची डागडुजी करून ते सुट्टीपुरतं भाड्यानं द्यायला सुरुवात झाली. अशा घराला तिथे ‘झीत’ म्हणतात. १९५५मध्ये या घरांचा देशभराचा संघ उभा राहिला. म्हणजे रीलमधल्या त्या टेबलामागे दोन पक्क्या गोष्टी आहेत. तिथे बसणाऱ्याला हक्काची रजा आहे आणि घरमालकाला ठरलेलं भाडं आहे. कॅमेऱ्यात यातलं काहीच दिसत नाही.

रिकाम्या घरांची गोष्ट महाड-पोलादपूरच्या कुणालाही सांगा, तो म्हणेल हे तर आमचंच. इथल्या वाड्यांमध्ये, कोंडांमध्ये किती घरांना वर्षभर कुलूप असतं ते एकदा फिरून बघा. गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, मे महिन्यात चार दिवस झाडलोट होते. बाकी किल्ली शेजारच्या काकांकडे आणि माणसं मुंबई, ठाणे, पनवेलला. १९९३ साली कोकण रेल्वेचा महाराष्ट्रातला पहिला तुकडा सुरू झाला तो रोहा ते वीर. काही काळ वीर हेच शेवटचं स्टेशन होतं. २०२१मध्ये याच तुकड्याचं दुपदरीकरण पूर्ण झालं. आजही महाड शहराला स्वतःचं स्टेशन नाही, गाडीनं यायचं तर वीरलाच उतरायचं. पण आपल्यासारख्यांसाठी वीर म्हणजे खिडकीतून दिसणारी पिवळी पाटी. उतरतो कोण? ज्याचं घर तिथे आहे तो.

जानेवारीत आम्ही सहाजण उतरलो, कारण वर्गातल्या एका मैत्रिणीचं घर तिथल्याच एका वाडीत आहे. तीन रात्री, एकही पॉइंट नाही, हे आधीच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, ‘आता काय करायचं?’ नेटवर्क ये-जा करत होतं. पडवीत बसलो. गप्पा संपल्या, मग खऱ्या गप्पा सुरू झाल्या. कुणाला हा कोर्स करायचाच नव्हता, कुणाच्या घरी लग्नाचा विषय निघालाय, कुणाचे बाबा सहा महिने घरीच आहेत. तीन वर्षं एका बाकावर बसून या गोष्टी आम्हाला एकमेकांबद्दल माहीत नव्हत्या. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये स्पीकर चालू असताना त्या कळल्याही नसत्या.

दुसऱ्या दिवशी पोपटी लावली. रायगडकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर शेतात वाल पेरतात. त्या वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन मडक्यात भरायचं, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, ओवा, खडेमीठ. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मग मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या आणि थांबायचं. पोपटीत घाई चालत नाही. त्या थांबण्याची मजा कुठल्याही टेबलाला हार जाणार नाही.

आता हिशोब. आम्ही सहाजण, एकेकाच्या जेवणाला दोन भाकऱ्या, दिवसातून दोनदा. म्हणजे आमच्याच दिवसाला चोवीस भाकऱ्या, घरच्यांच्या वेगळ्या. मैत्रिणीची आई, आमच्या काकी, पाच वाजता उठून तांदळाच्या उकडीचं पीठ मळायच्या. कुळथाची पिठी, सुकट, चहा चार वेळा. आमची सुट्टी होती, तेव्हा त्यांचं काम तिप्पट होतं. ‘गावाला काय, निवांत असतं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं आधी मांगच्या दारी जाऊन भांड्यांचा ढीग बघावा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मित्राच्या गावी टोळीनं जायचं तर पैसे द्यायचे. आम्ही निघण्याआधीच माणशी रोजचे चारशे रुपये बाजूला काढले होते. यावर घरात दोन तट पडतात हे मला माहीत आहे. माझ्याच आजीचं म्हणणं, पाहुण्यानं पैसे काढले तर घराचा अपमान होतो. तिचं चूक नाही. एकटी मैत्रीण राहायला गेली तर ती पाहुणी, तिनं खाऊ न्यावा आणि लाड करून घ्यावेत. पण सहा दणकट पोरं-पोरी तीन दिवस जेवणार असतील तर ते पाहुणे नाहीत, ती खानावळ आहे. आणि खानावळीचा खर्च एकाच बाईच्या अंगावर टाकून ‘कोकणी माणूस किती प्रेमळ’ अशी स्टोरी टाकणं मला पटत नाही.

काकींनी पाकीट घेतलं नाहीच. ‘तुम्ही काय परके?’ मग मधला रस्ता निघाला. तांदूळ, तेल, चिकन आम्ही महाडच्या बाजारातून भरलं. दुपारच्या जेवणाची ऑर्डर वाडीतल्या बायकांच्या बचत गटाला दिली, रोख पैसे देऊन. भांडी मुलांनी घासली, मुलींनी नाही. हे आधी ठरवून घ्या, नाहीतर मैत्रिणीच्या घरात मुली आपोआप स्वयंपाकघरात जातात आणि मुलगे आपोआप क्रिकेटला.

‘पण तीन दिवस एका गावात बघायचं काय?’ हा पुढचा प्रश्न. माझं उत्तर, आधी माणसं बघा. वाडीतला आमच्याच वयाचा एक मुलगा महाड एमआयडीसीत शिफ्टला जायचा. रात्रपाळी करून आलेला असायचा तेव्हा आम्ही पडवीत पाय पसरून बसलेले. तुम्ही आरामाला इकडे येता आणि आमच्यातले निम्मे कामाला तिकडे, असं तो हसत म्हणाला. हसत म्हणाला तरी ते लागलं. आपल्याकडेही १९४८च्या कारखाने कायद्यानं भरपगारी रजा दिली होती. त्या कायद्यात वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस मिळायचा. पण आज इथे, उद्या तिथे असं काम असलं तर ते दिवस भरायचे कसे? आपल्यातले बरेचजण दोन वर्षांत याच रांगेत असतील. तेव्हा आराम हा लाड नाही, हक्क आहे, हे आत्ताच समजून घेतलेलं बरं.

आणि गाव म्हणजे सगळ्यांसाठी एकच गोष्ट नसते. वीरच्या शेजारचं दासगाव हे एकेकाळचं बंदर. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनं याच बंदरात उतरले होते. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. तळं सार्वजनिक, पण एका समाजाला तिथलं पाणी प्यायची बंदी. एका संध्याकाळी आमच्यातला एक मित्र म्हणाला, ‘तुमच्या गावच्या आठवणीत विहीर असते ना, माझ्या पणजीच्या आठवणीत ती लांबून बघायची असायची.’ कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून चवदार तळ्यावर गेलो. तो पॉइंट म्हणून नाही, तर आदल्या रात्रीचं बोलणं पुरं करायला.

डोंगराचंही तसंच. पावसाळ्यात धबधब्यासाठी येणाऱ्याला तो हिरवागार दिसतो. जुलै २००५मध्ये दासगाव आणि जुई या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत महाड शहर पुराच्या पाण्यात होतं. इथे जोराचा पाऊस लागला की माणसं रात्री जागी राहून आवाज ऐकत बसतात, हे काकींनी सांगितलं तेव्हा कळलं. हे ऐकायला तुम्हाला तिथे संध्याकाळी थांबावं लागतं. चारच्या आत पुढच्या ठिकाणी पोचायचं असेल तर कोण सांगणार आणि कोण ऐकणार?

राहिला परवानगीचा प्रश्न. मुलींनो, हे तुमच्यासाठी. ‘मित्रांबरोबर ट्रिप’ म्हटलं की घरी नाही. ‘मैत्रिणीच्या गावी, तिच्या आईकडे’ म्हटलं की निदान बोलणं तरी सुरू होतं. दोन्ही आयांचं फोनवर एकदा बोलणं करून द्या. आमच्यातल्या दोघी पहिल्यांदाच घराबाहेर रात्री राहिल्या त्या अशाच.

ज्यांना असं गाव नाही, मैत्रीणही नाही, त्यांच्यासाठी राज्यानं २०२०मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलंय, एमटीडीसीची निवास व न्याहारी योजना त्याच्या आधीपासून आहे. पण त्यातलं बरंचसं अजून कुटुंबाला आणि ऑफिसच्या ग्रुपला धरून चालतं. पाच-सहा विद्यार्थी, साधी खोली, घरचं जेवण, परवडणारा दर, एवढंच आपल्याला हवंय. वीरसारख्या स्टेशनच्या आसपासची कुलूपबंद घरं आणि तिथे थांबू पाहणारी वाडीतली तरुण मुलं, यांची सांगड कुणी घातली तर तो मुलगा कदाचित मुंबईची गाडी पकडणार नाही. फ्रान्सनं सत्तर वर्षांपूर्वी हेच केलं.

तोपर्यंत आपण आपल्यापुरतं करू शकतो. या सुट्टीत ग्रुपवर लिस्ट टाकायच्या आधी एकच प्रश्न विचारा, आपल्यापैकी कुणाचं गाव रेल्वेच्या जवळ आहे? एक गाव, तीन रात्री. शिधा आपला, भांडी आपण घासायची, जेवणाचे पैसे आधी ठरवायचे. लव्हेंडर नसेल. वालाच्या शेंगा असतील.