लाडावलेली मुले नव्हेत



परदेशात पहिल्या वर्षी गडबडणारी मुले घरी लाडावलेली असतात, असे गेल्या अंकातील एका पत्रात म्हटले आहे. सिंगापूरच्या तांजोंग पगार भागात राहून पुण्या-नागपूरची मुले दरवर्षी पाहते, मला तसे दिसत नाही. वरणभात लावायला ती महिन्याभरात शिकतात. अडते ते दुसरीकडेच.

सिंगापूरच्या मुलग्यांना साधारण दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे. बहुतेकजण ती लष्करात करून मगच विद्यापीठात येतात. म्हणजे नुकतीच बारावी झालेल्या आपल्या पोराच्या गटात एकविशीचा, रायफल चालवलेला गडी असतो. त्याचे शाळासोबतीही याच शहरात. शुक्रवारी संध्याकाळी तो धुण्याची पिशवी उचलून घरी जातो आणि होस्टेलचा मजला ओस पडतो. त्यात बऱ्याच विषयांत श्रेणी इतरांच्या तुलनेत ठरते. गावात पहिला आलेला इथे मधेच कुठेतरी अडकतो.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने 2014 पासून पहिल्या सत्रातल्या श्रेणी सरासरीतून वगळून त्याऐवजी नुसती ‘एस’ (समाधानकारक) अशी नोंद घेण्याची मुभा दिली, 2016 पासून ती पहिल्या वर्षभरासाठी वाढवली. लष्करातून आलेल्या स्थानिक मुलांनाही ती आहे. तीही लाडावलेलीच म्हणायची का?

आईवडिलांनी मात्र ‘एस म्हणजे नक्की किती टक्के?’ हे विचारणे थांबवावे. फोन रविवारी दुपारी करावा, होस्टेल तेव्हा सर्वात रिकामे असते.

— एक वाचक, तांजोंग पगार, सिंगापूर