नांव एक, रोग अनेक

कावीळ हा शब्द कानीं पडला कीं घरांतील वडील मंडळींस प्रथम पथ्य आठवतें, मागाहून माळ आठवते, आणि डॉक्टरांची आठवण बहुधा सर्वांच्या शेवटीं होते. आमच्याहि घरीं असेंच झालें. धाकट्या पुतण्याचे डोळे पिवळे झाले तेव्हां त्याच्या गळ्यांत काविळीची माळ घातली. माळ दिवसेंदिवस लांबत गेली आणि महिन्याभरांत मुलगा खडखडीत बरा होऊन शाळेंत जाऊं लागला. पुढें तीन वर्षांनीं आमच्या थोरल्या बंधूंस कावीळ झाली. माळ तीच, घालणारा तोच, आणि आमचा भरंवसाहि तोच. सहा आठवडे गेले. अखेर रुग्णालयांत नेलें तेव्हां पित्तनलिका गांठीनें बंद झाली असून शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्याचें कळलें. घरांत चार बुकें शिकलेले आम्हीच. वहिनींनीं आरंभींच आम्हांस विचारलें होतें, "भाऊजी, डॉक्टरांना दाखवूं या का?" आणि आम्हीं उत्तर दिलें होतें, "वहिनी, पोराची नाहीं का बरी झाली?"

आमची ही चूक मुख्यतः विचाराची होती. पुतण्याची कावीळ बहुधा दूषित पाण्यांतून येणाऱ्या विषाणूची असावी. तशी कावीळ बहुतेक रोग्यांत आपली आपणच बरी होते. माळेच्या ओल्या काड्या सुकतात, गांठी सैल पडतात, म्हणून ती लांबते. संस्कृतांत जिला कामला म्हणतात ती कावीळ हें वस्तुतः लक्षण होय. जुन्या रक्तकणांच्या विघटनांतून एक पिवळें द्रव्य निघतें. यकृत तें पित्तांत मिसळून आंतड्यांत सोडतें. रक्तकण फाजील फुटले, यकृत आजारी पडलें, अथवा पित्ताची वाट अडली, तर तें द्रव्य रक्तांत सांचून डोळे पिवळे होतात. रंग एकच, कारणें निराळीं, आणि उपायहि निराळे. हा भेद उलगडण्यांत जिचें सारें आयुष्य गेलें त्या एका विदुषीचा परिचय आज वाचकांस करून देत आहों.

शीला शेरलॉक ह्यांचा जन्म ३१ मार्च १९१८ रोजीं डब्लिन येथें झाला. बालपण इंग्लंडच्या केंट परगण्यांतील फोकस्टन गांवीं गेलें. आडनांव वाचून ज्या बालवाचकांस गुप्तहेर होम्स आठवला असेल त्यांनीं निराश होऊं नये. बाईंचें कामहि तपासाचेंच होतें. वैद्यकाच्या शिक्षणासाठीं त्यांनीं इंग्लंडांतील अनेक विद्यालयांचीं दारें ठोठावलीं. मुलगी म्हणून कोणीं घेतलें नाहीं. १९३६ सालीं एडिंबरो येथें प्रवेश मिळाला आणि १९४१ सालीं त्या वर्गांत पहिल्या आल्या. तरीहि तेथील रुग्णालयांत निवासी डॉक्टरची जागा स्त्री म्हणून त्यांस मिळेना. तेव्हां जेम्स लर्मंथ ह्या शस्त्रवैद्यांनीं त्यांस आपल्या हाताखालीं घेतलें, आणि १९४२ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत जॉन मॅकमायकेल ह्यांच्याकडे त्या रुजू झाल्या.

ते दिवस महायुद्धाचे होते आणि सैन्यांत काविळीनें कहर मांडला होता. मानवी रक्तरसाचा अंश असलेली पीतज्वराची लस टोंचल्यामुळें १९४२ सालीं एकट्या अमेरिकन सैन्यांत सुमारें ५०,००० जणांस कावीळ झाली. उपदंशासाठीं सोमलाचीं इंजेक्शनें घेणारे रोगीहि पिवळे पडत. साध्या काविळींत पित्तनलिकेच्या तोंडाशीं श्लेष्म्याचें बूच बसतें, असें जुने ग्रंथ सांगत. आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर हें शब्दप्रमाण झालें. धुरावरून अग्नि ओळखावा तसा डोळ्यांच्या रंगावरून आंतील बिघाड ओळखणें हें अनुमान झालें. उरलें तें प्रत्यक्ष. परंतु जिवंत माणसाचें यकृत पाहावें कसें?

उजव्या बरगड्यांमधून पोकळ सुई यकृतांत घालून एक बारीक तुकडा काढावयाचा व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा, ही रीति कोपनहेगनच्या डॉक्टरांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केली होती. रक्तस्रावाचें भय होतें, म्हणून हात बसलेला असणें अवश्य होतें. डिबल, मॅकमायकेल व शेरलॉक ह्या तिघांनीं ती रीति साथीची, सोमलाच्या उपचारानंतरची आणि रक्तरसाची अशा तिन्हीं प्रकारच्या काविळींत योजिली, आणि १९४३ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत निष्कर्ष मांडला: बिघाड नलिकेच्या तोंडाशीं नसून यकृताच्या पेशींतच आहे. नीट निर्जंतुक न केलेल्या पिचकाऱ्यांतून एकाचा रोग दुसऱ्यास जात होता, हें पुढें कळून आलें. एका सुईनें पसरविलेला रोग दुसऱ्या सुईनें उलगडला, असें म्हणावयास हरकत नाहीं. ह्याच विषयावरील प्रबंधास एडिंबरो विद्यापीठानें सुवर्णपदक दिलें.

१९४८ सालीं, वयाच्या ३० व्या वर्षीं, त्या हॅमरस्मिथ येथें मुख्य वैद्यांपैकीं एक झाल्या. यकृत कठीण झालेले कित्येक रोगी एकाएकीं बरळूं लागत, त्यांचे हात पंखांसारखे फडफडत. अशा माणसास घरचे लोक वेडा ठरवीत. आंतड्यांतील विषारी द्रव्यें यकृतांत शुद्ध न होतां परभारें मेंदूपर्यंत जातात म्हणून असें होतें, हें बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५४ सालीं मांडलें. त्या काळीं अशा रोग्याचा प्रथिनयुक्त आहार तोडीत. रोगी त्यानें अधिकच खंगतो असें आतां ठरलें असून तशी उपासमार करीत नाहींत. विद्येंत कालचें उत्तर आज दुरुस्त होतें, ह्यांत कमीपणा नाहीं.

१९५९ सालीं त्या लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या विद्यालयांत वैद्यकाच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्यें हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. हें विद्यालय पूर्वीं केवळ स्त्रियांसाठीं होतें. ज्यांनीं सुरतेस व राजकोटास रुग्णांची दीर्घ सेवा केली त्या आपल्या डॉक्टर रखमाबाई १८८९ सालीं विलायतेस जाऊन तेथेंच शिकल्या होत्या. एका पिढीनें उघडलें तें दार पुढच्या पिढीच्या उपयोगीं पडलें.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या मनास फार लागली. कांहीं रोग्यांच्या शरीराची संरक्षक शक्तीच यकृतावर उलटते आणि तें वर्षानुवर्षें धुमसत राहतें. प्रेडनिसोलोन हें औषध अशांस गुण देतें असें पुष्कळांस वाटे. बाईंनीं केवळ वाटण्यावर भिस्त ठेविली नाहीं. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४९ रोगी घेतले; २२ जणांस तें औषध दिलें, २७ जणांस दिलें नाहीं, आणि सर्वांवर सारखी नजर ठेविली. १९७१ सालीं फल प्रसिद्ध झालें: औषध घेणाऱ्यांपैकीं ३ दगावले, न घेणाऱ्यांपैकीं १५. उपायामुळें रोगी बरा झाला कीं उपाय चालूं असतां तो आपोआप बरा झाला, हें ओळखण्याची रीति हीच. माळ न घालतां किती मुलें बरीं होतात, हा प्रश्न आम्हीं आमच्या मनास एकदां तरी विचारावयास हवा होता.

बाईंचा यकृतरोगांवरील ग्रंथ १९५५ सालीं निघाला; त्याच्या आठ आवृत्त्या त्यांनीं एकटीनें सिद्ध केल्या. स्वभाव करारी, रोग्यांच्या खाटांशेजारीं प्रश्न विचारूं लागल्या कीं तरुण डॉक्टरांची भंबेरी उडे. देशोदेशींचे डॉक्टर त्यांच्याकडे शिकावयास येत. संसारहि त्यांनीं केला. पति डॉक्टरच होते व दोन मुली होत्या. १९८३ सालीं त्या प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्या, पण रोगी पाहणें व लिहिणें सुटलें नाहीं. ३० डिसेंबर २००१ रोजीं त्या निवर्तल्या; रॉयल सोसायटीचें सदस्यत्व त्यांस त्याच वर्षीं मिळालें होतें.

आज यकृताची पहिली चौकशी रक्ताच्या तपासणीनें व सोनोग्राफीनें होते. सुईची गरज प्रत्येकास पडत नाहीं. ब प्रकारच्या काविळीची लस तर जन्मतांच टोंचतां येते. इतकें सुलभ झालें असतां आम्हां गृहस्थांकडे राहिलेलें काम थोडें आहे. डोळे पिवळे दिसले कीं दोन दिवसांच्या आंत डॉक्टरांकडे जावें; मल पांढुरका, मूत्र गडद व अंगास खाज असेल तर तेवढेंहि थांबूं नये. पथ्य डॉक्टरांस विचारून करावें. एकास जें मानवलें तें दुसऱ्यास मानवेलच, हें धरून चालूं नये.

वहिनींनीं आमच्या त्या उत्तराची आठवण आम्हांस कधींहि करून दिली नाहीं. म्हणूनच तें आम्हीं येथें आपण होऊन लिहिलें आहे.