विमान कोणाचे? नुनाविकच्या आकाशातील एक प्रश्न

१/ कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा इनुइटांचा प्रदेश आहे. तेथील १४ गावांना परस्परांशी किंवा दक्षिणेशी जोडणारा रस्ताच नाही. रुग्ण, टपाल, ताजी भाजी यांचा आधार विमान. हे विमान बहुधा ‘एअर इनुइट’चे असते, आणि या कंपनीचे मालक स्वतः इनुइट आहेत.

२/ या मालकीचे मोल जाणण्यासाठी आधी एक जहाज आठवावे लागते. १९५० च्या दशकात ‘सी. डी. हाऊ’ हे सरकारी जहाज आर्क्टिक वस्त्यांना भेट देई. जहाजावरच क्ष-किरण तपासणी होई. क्षय आढळला की त्या माणसाला दक्षिणेतील रुग्णालयात नेले जाई. कित्येकांना घरच्यांचा निरोपही घेता आला नाही.

३/ अनेक जण परतलेच नाहीत. त्यांची कबर कोठे आहे, हेही कित्येक कुटुंबांना दशकानुदशके ठाऊक नव्हते. २०१९ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी याबद्दल माफी मागितली. उपचार आवश्यक होते, यात वाद नाही. पण कोणाला न्यायचे आणि परत केव्हा आणायचे, याचा निर्णय सर्वस्वी परक्या हातांत होता.

४/ १९७१ मध्ये क्वेबेकने जेम्स बे जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. क्री आणि इनुइट न्यायालयात गेले. १९७३ मध्ये काम थांबवण्याचा आदेश मिळाला, पण वरच्या न्यायालयाने तो आठवड्याभरातच उठवला. अखेर १९७५ मध्ये करार झाला : २२.५ कोटी डॉलर भरपाई, आणि बदल्यात भूमीवरील पारंपरिक हक्कांवर पाणी.

५/ इनुइटांच्या वाट्याची रक्कम सांभाळण्यासाठी ‘माकिविक’ ही संस्था उभी राहिली. तिच्याच मालकीची ‘एअर इनुइट’ १९७८ मध्ये सुरू झाली. म्हणून या कंपनीला केवळ ‘उद्योजकतेची यशोगाथा’ म्हणणे अपुरे ठरते. तिच्या भांडवलामागे गमावलेले हक्क आहेत.

६/ आक्षेप रास्त आहे : मालक आपले असले तरी तिकिटे महागच आहेत. अंतर, इंधन आणि हवामान मालक पाहून बदलत नाहीत. शिवाय मालकी कायमची नसते. इनुइटांच्याच मालकीची ‘कॅनेडियन नॉर्थ’ २०२५ मध्ये विनिपेगच्या एका कंपनीला विकली गेली.

७/ तरीही फरक उरतोच. तोटा सोसून कोणत्या गावाची फेरी चालू ठेवायची, हा प्रश्न ‘माकिविक’मध्ये ज्यांच्यापुढे येतो, त्यांचे आप्त त्याच गावांत राहतात. जहाजाच्या काळात हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.